सोहराब शहीद सालेस : गुर्बत आणि शैली

चित्रपटसमीक्षेत 'स्थलांतरित दिग्दर्शक' ही एक स्वतंत्र जात मानण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. मायदेश सोडून परक्या देशात चित्रपट निर्माण करणाऱ्या कलावंताच्या कृतीत विरह, स्मृती, भाषेची कुचंबणा आणि दोन संस्कृतींमधील ओढाताण यांचा शोध घ्यावयाचा, आणि तो लागला की त्या कृतीचा उलगडा झाला असे समजावयाचे, अशी या समीक्षेची साधारण रीत आहे. ही रीत सर्वस्वी चुकीची आहे असे नव्हे. काही कलावंतांच्या बाबतीत ती फलदायीही ठरली आहे. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. कलावंताने जे पाहिले ते केवळ त्याच्या परकेपणामुळे पाहिले, असे एकदा ठरविले की पाहिलेली वस्तू बाजूला पडते आणि पाहणाराच तेवढा शिल्लक राहतो. ज्या समाजात तो राहिला त्या समाजाविषयी त्याने दिलेला अभिप्राय हा मग अभिप्राय राहत नाही, त्याच्या व्यथेचे एक लक्षण बनतो. आणि लक्षणाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

सोहराब शहीद सालेस (१९४४–१९९८) या इराणी दिग्दर्शकाच्या बाबतीत हा धोका विशेष तीव्रतेने जाणवतो. तेहरानमध्ये जन्मलेल्या या दिग्दर्शकाने आपल्या देशात पूर्ण लांबीचे दोनच चित्रपट केले. १९७०–८० या दशकाच्या मध्यास तो पश्चिम जर्मनीत आला आणि पुढील सुमारे सतरा-अठरा वर्षांत त्याने चित्रपट, दूरचित्रवाणीपट आणि अनुबोधपट मिळून डझनभराहून अधिक कृती तेथे निर्माण केल्या. त्यांतील स्थिर कॅमेरा, दीर्घ शॉट, अबोल माणसे, बंद खोल्या आणि त्याच त्या क्रियांची पुनरावृत्ती हे सर्व निर्वासनाच्या अनुभवाचे फलित होय, असे मत वारंवार मांडले जाते. हमीद नफीसी यांनी 'ॲन ॲक्सेंटेड सिनेमा' (२००१) या सुप्रसिद्ध ग्रंथात निर्वासित व स्थलांतरित दिग्दर्शकांच्या शैलीची जी मीमांसा केली, तिच्यात सालेसला महत्त्वाचे स्थान आहे. त्याच्या चित्रपटांतील बंदिस्त अवकाशाची त्यांनी केलेली चिकित्सा मार्मिक आहे, यात शंका नाही. तथापि नफीसींनी ज्या सावधगिरीने हा विचार मांडला ती सावधगिरी त्यांच्या मागून येणाऱ्यांनी पाळलेली दिसत नाही. 'निर्वासन, म्हणून बंदिस्तपणा' असे एक सोपे समीकरण तयार झाले आहे.

या समीकरणावरील पहिला आक्षेप अगदी साधा, कालक्रमाचा आहे. सालेसची शैली जर्मनीत जन्माला आलेली नाही. ती इराणमध्येच पूर्णत्वास गेली होती.

तरुणपणी सालेसने व्हिएन्ना येथे आणि नंतर पॅरिस येथे चित्रपटकलेचे शिक्षण घेतले. व्हिएन्नामध्ये असतानाच त्याला क्षयाने गाठले. स्वदेशी परतल्यावर त्याने इराणच्या संस्कृति व कला मंत्रालयासाठी लघुपट आणि अनुबोधपट केले. १९७३ साली 'यक इत्तेफाक-ए सादे', म्हणजे 'एक साधी घटना', हा त्याचा पहिला मोठा चित्रपट तयार झाला. कॅस्पियन समुद्राच्या काठच्या एका गावात राहणारा शाळकरी मुलगा, चोरून मासेमारी करणारा बाप, आजारी आई. मुलगा शाळेत पळतो, घरी पळतो, समुद्रावर पळतो. एके दिवशी आई मरते. चित्रपटाच्या नावातील घटना ती हीच. परंतु चित्रपट तिच्यापाशी थबकत नाही. आईच्या मृत्यूला शाळेच्या तासाहून अधिक वजन दिग्दर्शक देत नाही, आणि या नाकारण्यातूनच त्या मृत्यूचे खरे वजन प्रेक्षकाला जाणवू लागते. भावनेला शब्द न देता तिच्या भोवतीचा दिनक्रम दाखवीत राहावे, ही सालेसची पद्धत येथेच पक्की झालेली आहे. अभिनय करणारी माणसे धंदेवाईक नट नव्हती. त्यांच्याकडून 'अभिनय' करवून घेण्याचा मोहही दिग्दर्शकाला झालेला नाही.

दुसरा चित्रपट 'तबीअत-ए बीजान' (१९७४) हा सालेसच्या कर्तृत्वाचा कळस होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. ज्याला चित्रकलेत स्थिरवस्तुचित्र म्हणतात त्या प्रकाराचे हे फारसी नाव; त्याचा शब्दशः अर्थ 'निष्प्राण निसर्ग' असा होतो. आडरानात रेल्वेचे एक फाटक आहे. एक वृद्ध फाटकवाला ते उघडतो आणि बंद करतो. त्याची वृद्ध पत्नी घरात गालिचा विणते. चहा होतो, दिवा लागतो, सिगारेट ओढली जाते, जेवण होते, निजानीज होते. सैन्यात असलेला मुलगा एका रात्रीपुरता येतो आणि जातो. गालिच्याचा व्यापारी येतो, विणलेला गालिचा घेऊन जातो. मग एके दिवशी वरिष्ठ येतात आणि म्हाताऱ्याला कळते की आपली नोकरी संपली. ज्या घरात आयुष्य काढले ते घर नोकरीबरोबर मिळालेले होते. नोकरीबरोबर ते जाणार. म्हातारा शहरात जाऊन दाद मागण्याचा प्रयत्न करतो. दाद लागत नाही.

या कथानकात करुणरसाला भरपूर वाव होता. एखाद्या मध्यम कुवतीच्या दिग्दर्शकाने या म्हाताऱ्याच्या तोंडी एक दीर्घ भाषण घातले असते, निदान पत्नीला रडविले असते. सालेस असे काही करीत नाही. म्हातारी सुईत दोरा ओवू पाहते. दोरा ओवला जात नाही. पुन्हा ओवू पाहते. कॅमेरा हलत नाही. प्रेक्षक प्रथम कंटाळतो, मग अस्वस्थ होतो, आणि शेवटी त्याला उमगते की आपण एका म्हाताऱ्या स्त्रीच्या डोळ्यांची दुर्बलता, तिच्या दिवसाची लांबी आणि तिच्या चिकाटीचे स्वरूप या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अनुभवीत आहोत. सामान गाडीवर चढल्यानंतर म्हातारा रिकाम्या घरात परततो. भिंतीवर एक लहानसा आरसा राहिलेला असतो. तो काढून घेताना त्याला त्यात आपला चेहरा दिसतो. फाटक, गाड्या आणि चुलीवरचा चहा यांकडे पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने स्वतःकडे पाहण्याचा हा चित्रपटातील पहिलाच प्रसंग. येथे संगीत नाही आणि निवेदनही नाही.

जर्मनीत केलेल्या चित्रपटांचे वर्णन करताना समीक्षक जे विशेष सांगतात ते सारे या दोन चित्रपटांत उपस्थित आहेत. इतकेच नव्हे, तर म्हाताऱ्या फाटकवाल्याचे आपल्या घरातून उठविले जाणे हेही एक प्रकारचे निर्वासनच आहे, आणि ते त्याच्याच देशात, त्याच्याच भाषेत, रेल्वेच्या नियमांनुसार घडते. तेव्हा सालेसच्या शैलीचे मूळ भूगोलात शोधणे फारसे उपयोगाचे नाही. ज्यांचा काळ दुसऱ्याच्या मालकीचा असतो अशा माणसांकडे पाहण्याची त्याची जी विशिष्ट दृष्टी, तिच्यात ते मूळ आहे. फाटकवाल्याचा काळ रेल्वेच्या वेळापत्रकाचा आहे. शाळकरी मुलाचा काळ बापाच्या आणि मास्तरांच्या हुकमतीचा आहे. दिग्दर्शकाचा शॉट लांबतो, कारण हा काळ लवकर संपविण्याचा अधिकार पडद्यावरील माणसाला नाही.

मग स्थलांतराने काही घडलेच नाही काय? निश्चितच घडले. परंतु जे घडले ते शैलीच्या क्षेत्रात फारसे नव्हते. ते विषयाच्या आणि नैतिक भूमिकेच्या क्षेत्रात होते. हे समजून घेण्यासाठी १९७५ च्या 'दर गुर्बत' या चित्रपटाकडे वळले पाहिजे. त्याचे जर्मन नाव 'इन डेर फ्रेम्डे' असे आहे.

'गुर्बत' या शब्दापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असा हा शब्द आहे. मूळ अरबी 'गरीब' या शब्दाचा अर्थ परका, परदेशी, आपल्या माणसांपासून दूर असलेला असा होतो; 'गुर्बत' म्हणजे तशी अवस्था, परदेशवास. हाच 'गरीब' शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथे त्याचा अर्थ दरिद्री, दीन, निरुपद्रवी असा स्थिरावला. परका आणि दरिद्री या दोन अर्थांत भाषेने केलेला हा प्रवास सालेसच्या नायकाने जणू उलट दिशेने केला आहे. दारिद्र्यामुळे घर सोडलेला हुसेन हा तुर्की मजूर बर्लिनमध्ये येतो आणि तेथे परका होतो. मराठीत त्याला 'गरीब' म्हटले तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतील.

पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला होता. या मजुरांना 'पाहुणे कामगार' असे म्हटले जाई. पाहुणा या शब्दात आदर आहे तसा 'आता निघा' हा संकेतही आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात ही भरती थांबविण्यात आली, म्हणजे चित्रपट तयार होईपर्यंत पाहुण्यांना दार बंद झालेले होते. चित्रपटात हुसेन कारखान्यातील एका यंत्रापाशी उभा असतो. पत्रा ठेवावयाचा, दांडा ओढावयाचा, पत्रा काढावयाचा. भुयारी रेल्वेने तो घरी येतो. क्रॉइत्सबेर्ग भागातील एका जुन्या इमारतीत इतर तुर्कांच्या सोबतीने राहतो. एखाद्या जर्मन स्त्रीशी ओळख व्हावी म्हणून त्याची केविलवाणी धडपड चालते. पैसे साठले की परत जाऊ, असा विचार येथे सगळेच जण करतात.

हुसेनची भूमिका परवेझ सय्याद याने केली आहे. इराणी प्रेक्षकांना सय्याद ठाऊक होता तो 'समद' या खेडवळ, विनोदी पात्रामुळे. त्या पात्राने देशभर अफाट लोकप्रियता मिळविली होती. त्याच नटाला तुर्की मजूर करून आणि त्याचा सारा विनोद काढून घेऊन सालेसने यंत्रापाशी उभे केले. इराणमध्ये ज्याच्या भोळेपणावर लोक हसत, त्या भोळेपणाचे बर्लिनमध्ये काय होते, हा प्रयोग त्याने या नटाच्या द्वारे केला असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट येथे नजरेस येते. दिग्दर्शक इराणी, प्रमुख नट इराणी, नायक मात्र तुर्की. सालेसला आपले स्वतःचे आत्मवृत्त सांगावयाचे असते तर इराणी विद्यार्थी किंवा इराणी कलावंत हा नायक त्याला सहज उपलब्ध होता. त्याने तो नाकारला. आत्मकथनाला दिलेला हा नकार पुढील सर्व कारकिर्दीत टिकून आहे.

याच सुमारास फास्बिंडरचा 'भय आत्मा खाते' (१९७४) हा चित्रपट प्रसिद्ध झाला होता. त्यातही एक परदेशी मजूर आहे, मोरोक्कोचा, आणि त्याचे एका वयस्क जर्मन स्त्रीशी लग्न आहे. या दोन चित्रपटांची तुलना उद्बोधक ठरते. फास्बिंडरचे लक्ष जर्मन समाजाच्या नजरेवर खिळलेले आहे. शेजारणी, मुले, दुकानदार या अलीकडे कसे पाहतात, हा त्याचा विषय. त्याच्या चित्रपटात नाट्य आहे, रंग आहेत, भावनांचे उघड आवर्तन आहे. सालेसच्या हुसेनकडे कोणी पाहतच नाही. तिरस्काराची नजरसुद्धा एक नाते असते. हुसेनच्या वाट्याला तेही फारसे येत नाही. तथापि हा चित्रपट निर्दोष नाही. काही प्रसंगांत जर्मनांची तुसडी वागणूक आणि तुर्कांचा आपलेपणा यांच्यातील भेद इतका सरळ रेघेने आखला आहे की 'तबीअत-ए बीजान'च्या दिग्दर्शकाला तो शोभत नाही. बोलावयाचे नाही हे ज्याचे ब्रीद, तो येथे अधूनमधून बोलून जातो.

कदाचित ही गोष्ट सालेसच्याही ध्यानात आली असावी. कारण यानंतर त्याने जे केले ते अनपेक्षित होते. स्थलांतरितांचा प्रवक्ता म्हणून त्याची जागा तयार झालेली होती. महोत्सवांना, समीक्षकांना आणि पैसे पुरविणाऱ्या संस्थांना असा प्रवक्ता हवाच असतो. सालेसने ती जागा घेतली नाही. परदेशीयांविषयीच्या द्वेषाचा विषय त्याने पुढे 'एम्फेंगर उनबेकांट' (१९८३) या कृतीत पुन्हा हाताळला, परंतु त्याच्या जर्मन कृतींपैकी बहुतेकांत जर्मन माणसे आहेत, जर्मन खोल्या आहेत आणि जर्मन इतिहास आहे. परक्या देशातील परका माणूस घरच्यांच्या घरात शिरला आणि तेथे कॅमेरा ठेवून बसला. स्थलांतराने त्याच्या कलेत घडविलेला मोठा पालट तो हाच.

'राइफेत्साइट' (१९७६) या कृष्णधवल चित्रपटात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आहे. आई रात्री घराबाहेर असते, दिवसा निजते. मुलगा शाळेत जातो, शेजारच्या आंधळ्या म्हातारीचा बाजार करून देतो आणि आईचा व्यवसाय काय आहे ते एके दिवशी त्याला डोळ्यांनी दिसते. कॅस्पियनच्या काठचा मुलगा आणि बर्लिनचा हा मुलगा हे सख्खे भाऊ शोभतील. फरक एवढाच की पहिल्याला पळावयास समुद्रकिनारा होता, दुसऱ्याला जिना आहे. 'टागेबुख आइनेस लीबेंडेन' (१९७७) मध्ये मांसाच्या विक्रीखात्यात काम करणारा एक तरुण आपल्या निघून गेलेल्या प्रेयसीची वाट पाहत राहतो. ती कोठे आहे हे शेवटी कळते तेव्हा त्याच्या नीटनेटक्या खोलीकडे मागे वळून पाहणे कठीण होते. कसबाच्या दृष्टीने हा चित्रपट उत्तम आहे, परंतु शेवटच्या धक्क्यावर तो जरा अधिक विसंबून राहतो.

१९७९ चा 'लोटे एच. आइस्नर यांची दीर्घ सुट्टी' हा अनुबोधपट मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. आइस्नर या जर्मन ज्यू समीक्षक १९३३ साली पॅरिसला पळून गेल्या; युद्धकाळात त्यांना गुर्स येथील छावणीत डांबण्यात आले; पुढे आंरी लांग्ल्वाच्या सिनेमातेकसाठी त्यांनी जन्मभर काम केले आणि जर्मन मूकपटांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. परत न जाणाऱ्या माणसाच्या आयुष्याला 'सुट्टी' म्हणण्यात जो औपरोधिक सूर आहे तो कोणाच्याही लक्षात येईल. या चित्रपटात आइस्नर बोलतात आणि सालेस ऐकतो. जर्मनीत आश्रय घेतलेला इराणी, जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या जर्मन स्त्रीसमोर बसला आहे. निर्वासनाविषयी सालेसला जे सांगावयाचे होते ते त्याने येथे दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही एका जर्मन व्यक्तीच्या तोंडून ऐकविले. या कृतीनंतर एकाच वर्षाने 'ओर्डनुंग' आला, हा योगायोग मानणे कठीण आहे.

'ओर्डनुंग' (१९८०) या शब्दात व्यवस्था, शिस्त, नीटनेटकेपणा आणि कायदेशीर सुरळीतपणा असे अनेक अर्थ एकवटलेले आहेत. हेर्बर्ट हा अभियंता नोकरीविना घरी आहे. तो वेडा आहे असे म्हणण्याजोगे पुष्कळ वेळ काहीच दिसत नाही. केवळ रविवारी सकाळी, सारी वस्ती निजलेली असताना, तो रस्त्यात उभा राहून 'आउफ्श्टेहेन!' असे ओरडतो. म्हणजे 'उठा!' जर्मन भाषेत या शब्दाला झोपेतून उठण्याचा अर्थ आहे तसाच उठाव करण्याचाही आहे, आणि मराठीतील 'उठणे' व 'उठाव' यांच्यामुळे येथील वाचकाला हा श्लेष समजावून सांगण्याची गरज नाही. पहाटे दारोदार फिरून लोकांना जागे करणारा वासुदेव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हेर्बर्टच्या हाकेतील भयाणपणा कदाचित अधिक जाणवेल: तीच वेळ, तीच हाक, परंतु एकही दार दान घेऊन उघडत नाही. खिडक्या उघडतात त्या शिव्या देण्यासाठी.

पत्नी आणि स्नेही त्याला मार्गावर आणण्याचा प्रयत्न करतात. सारी सज्जन माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणीही दुष्ट नाही, हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे सामर्थ्य होय. हेर्बर्टला शेवटी मनोरुग्णालयात दाखल केले जाते तेही त्याच्या भल्यासाठीच. आणि या ओघात एकदा त्याच्या तोंडून 'आउफ्श्टेहेन'च्या जागी दुसराच शब्द बाहेर पडतो: 'आउश्वित्स'. दोन शब्दांचा आरंभ जवळजवळ सारखा. निजलेल्या वस्तीला दुसरा शब्द कदाचित पहिल्यासारखाच ऐकू येत असेल.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा या ठिकाणी कसोटीला लागतो. 'ओर्डनुंग' ही स्थलांतरिताची कृती म्हणून वाचली तर तिचा अर्थ असा होईल: परक्या देशात एकाकी पडलेल्या कलावंताने आपले एकाकीपण एका जर्मन अभियंत्यावर आरोपित केले. हा अर्थ अशक्य नाही, परंतु तो सर्वांनाच अतिशय सोयीचा आहे. तो स्वीकारला की रविवारच्या झोपेविषयी काही बोलण्याचे कारण उरत नाही. उलट, पाच-सहा वर्षे त्या देशात राहिलेल्या आणि तेथील माणसांचा दिनक्रम मिनिटामिनिटाने निरखलेल्या एका निरीक्षकाचा हा विचारपूर्वक अभिप्राय आहे असे मानले, तर चित्रपट प्रश्न विचारू लागतो: एवढी सुव्यवस्था कशासाठी? ती कोणाला जागे होऊ देत नाही? असा प्रश्न त्या समाजाला विचारण्याचा अधिकार त्या समाजात न जन्मलेल्याला आहे की नाही, हा खरा वाद आहे. आइस्नर यांच्यासमोर बसून आलेल्या सालेसने तो अधिकार गृहीत धरला. १९८५ च्या 'हान्स : जर्मनीतील एक मुलगा' या चित्रपटातही त्याने तो सोडला नाही. हान्स फ्रिक यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात ज्यू बापाच्या मुलाचे युद्धकाळातील आयुष्य आहे. जर्मन भूतकाळ हा केवळ जर्मनांनीच हाताळावयाचा खाजगी विषय आहे असे सालेसला वाटत नव्हते.

१९८३ चा 'उटोपिया' हा सालेसच्या जर्मन चित्रपटांत सर्वाधिक चर्चिला गेलेला आणि सर्वाधिक अवघड चित्रपट. तीन तासांहून अधिक काळ चालणाऱ्या या चित्रपटात एक कुंटणखाना आहे, पाच स्त्रिया आहेत आणि हाइन्त्स नावाचा मालक आहे. मालक हिशेब ठेवतो, मारहाण करतो, नियम घालून देतो. पडदे ओढलेले असतात. दिवस आहे की रात्र, हे पुष्कळदा समजत नाही. या चित्रपटाविषयी दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक अशी की मालक आणि मजूर यांच्या नात्याचे इतके निर्दय, इतके अलंकारहीन चित्रण चित्रपटात क्वचितच झाले असेल; वेश्याव्यवसायातील कामुकतेचा लवलेशही सालेसने पडद्यावर येऊ दिलेला नाही, राहिली आहे ती केवळ कामाची पाळी. दुसरी अशी की या स्त्रियांवरील अत्याचारांची पुनरावृत्ती एका मर्यादेनंतर ज्ञान देईनाशी होते. फाटकवाल्याच्या पत्नीची सुई पुन्हा पुन्हा पाहताना प्रेक्षकाला दर वेळी काही नवे कळत होते. हाइन्त्सचा हात पुन्हा पुन्हा उठतो तेव्हा प्रेक्षक फक्त बधिर होतो. बधिरता हाच दिग्दर्शकाचा हेतू होता असा बचाव करता येईल. तो पुरेसा वाटत नाही.

परंतु शेवट सर्व आक्षेपांना पुरून उरतो. स्त्रिया अखेर मालकाला ठार करतात. आता दार उघडे आहे. आणि त्या जात नाहीत. धंदा पुढे चालू राहतो. रेनाटे मालकाची जागा घेते. चित्रपटाच्या नावातील उपरोध येथे उघड होतो. फाटकवाल्याला घर सोडावयाचे नव्हते आणि त्याला घालविण्यात आले. या स्त्रियांना कोणी अडवीत नाही आणि त्यांना जाण्यासारखी जागाच उरलेली नाही. 'तबीअत-ए बीजान' आणि 'उटोपिया' ही दोन टोके एकमेकांसमोर ठेवली म्हणजे या दिग्दर्शकाच्या नऊ वर्षांतील प्रवासाची दिशा कळते. इराणमधील चित्रपटांत दिनक्रम हे माणसाचे आश्रयस्थानही होते. चहाच्या पेल्यात, गालिच्याच्या धाग्यात काही ऊब होती. जर्मन चित्रपटांत दिनक्रम तोच राहिला, ऊब गेली.

या सर्व कृतींच्या मागे जर कोणी गुरू उभा असेल तर तो चेखॉव्ह होय. सालेसने चेखॉव्हच्या जीवनावर १९८१ मध्ये एक अनुबोधपट केला आणि त्याच्या १८८३ सालच्या एका लहान कथेवर 'डेर वाइडेनबाउम' (१९८४) हा चित्रपट चेकोस्लोव्हाकियात चित्रित केला. नदीकाठच्या एका जुन्या विलोच्या झाडाखाली टपालवाल्याचा खून होतो. ते पाहणारा म्हातारा लुटीची थैली घेऊन शहरात जातो, पण एका कचेरीतून दुसरीत त्याला पाठविले जाते. गुन्ह्याची दखल घ्यावयास कोणी तयार नाही. पुढे खुनी स्वतःच कबुली द्यावयास जातो, तर त्यालाही परत पाठविले जाते. गुन्हेगाराला शिक्षेची याचना करूनही ती न मिळावी, यासारखी चेखॉव्हची विदारक कल्पना सालेसच्या स्वभावाला किती जवळची होती हे सांगावयास नको. दाद मागावयास शहरात गेलेला फाटकवाला आणि थैली घेऊन शहरात गेलेला हा म्हातारा एकाच रस्त्याने चालले आहेत. चेखॉव्ह हा रशियन, सालेस इराणी, पैसा जर्मन, जागा चेकोस्लोव्हाकियातील. आणि चित्रपट पाहताना यांपैकी एकाही देशाची आठवण होत नाही.

या कारकिर्दीची आर्थिक बाजू थोडक्यात नोंदविली पाहिजे. १९७४ साली पश्चिम जर्मनीत चित्रपट-साहाय्य संस्था आणि सार्वजनिक दूरचित्रवाणी यांच्यात करार झाला आणि तिकीटविक्रीवर अवलंबून नसलेल्या चित्रपटांना काही वर्षे चांगला आधार मिळाला. सालेसच्या पुष्कळ कृती दूरचित्रवाणीच्या पैशावर उभ्या राहिल्या. या व्यवस्थेविना त्याला काम करता आले नसते, हे कबूल केले पाहिजे. तिची किंमतही त्याने मोजली. एकदा रात्री उशिरा प्रक्षेपित होऊन कपाटात जाऊन बसलेला चित्रपट हा चित्रपटगृहात अपयशी ठरलेल्या चित्रपटापेक्षाही अधिक विस्मृत होतो. तो पडला असे म्हणावयासही कोणी नसते. इराणी चित्रपटाच्या इतिहासात सालेसचे नाव आदराने घेतले जाते, परंतु तेथे ते पहिल्या दोन चित्रपटांपुरते राहते. जर्मन चित्रपटाचा इतिहास लिहिताना फास्बिंडर, हेरत्सोग, वेंडर्स यांच्या रांगेत त्याला बसविण्याचे पुष्कळांना सुचतच नाही. त्याला 'जर्मनीतील इराणी' म्हणण्याची सवय लागली की दोन्ही इतिहासांना तो दुसऱ्याच्या हिशेबी टाकता येतो.

'रोझेन फ्युर आफ्रिका' (१९९२) हा त्याचा शेवटचा चित्रपट. त्यातील पाउल हा जर्मन कामगार आपल्या आयुष्याला कंटाळून आफ्रिकेला जाण्याची स्वप्ने पाहतो. तो संतापी आहे, पत्नीवर हात टाकणारा आहे. त्याला क्षमा करावी असे दिग्दर्शकाला वाटत नाही आणि त्याच्यावर निकाल द्यावा असेही वाटत नाही. परदेशी जाण्याची ओढ येथे प्रथमच एका जर्मनाच्या मनात ठेवलेली आहे. हुसेनला अनातोलियाला परतावयाचे होते, पाउलला जेथे कधी गेलाच नाही तेथे जावयाचे आहे. यानंतर सालेसच्या हातून चित्रपट झाला नाही. तो अमेरिकेस गेला आणि १९९८ साली शिकागो येथे मरण पावला. त्या वेळी तो चौपन्न वर्षांचा होता.